गोपनीयता कुणापासून?

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती त्याची फाईल देऊ नये, असे म्हणणारे निर्दय नसतात. मुलांसाठी हाडाची काडे केलेल्यांतही हे मत आढळते. त्यांचे म्हणणे असे : फाईलमध्ये आईबापांविषयी, शेजाऱ्यांनी विश्वासाने सांगितलेले बरेच काही असते. ते वाचून पोर कोलमडेल, आणि पुढे समाजसेवकाजवळ कुणी तोंड उघडणार नाही. शिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ९९ बालकाविषयीचे अहवाल गोपनीय ठरवते.

ठरवते खरे, पण ते कलम तिथे संपत नाही. अहवालाचा सारांश बालकाला कळवण्याची मुभा तेच बाल कल्याण समितीला देते, आणि पीडिताला प्रकरणाची कागदपत्रे नाकारू नयेत असेही बजावते. मुलाची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला कलम ७४ सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. हा पहारा कुणावर? बाहेरच्यांवर. आणि वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या देणगीदाराला ‘हिची आई टाकून गेली’ असे मुलीदेखत सांगितले जाते, तेव्हा ही गोपनीयता कुठे असते?

कोलमडण्याचे म्हणाल, तर अठराव्या वर्षी तो मतदान करतो, करारावर सही करतो. स्वतःचे बालपण तेवढे त्याला झेपणार नाही? डॉक्टर विचारतात, ‘घरात कुणाला मधुमेह? लहानपणी कसले औषध सोसले नव्हते?’ त्याला सांगता येत नाही. असलीच तर ती नोंद संस्थेच्या कपाटात असते. दुसऱ्या संस्थेत पाठवलेल्या धाकट्या भावाचा पत्ताही तिथेच.

उरला विश्वासाचा मुद्दा. तो वजनदार आहे. लिव्हरपूलमध्ये पालिकेच्या देखरेखीखाली वाढलेल्या ग्राहम गॅस्किन यांनी आपली फाईल मागितली, तेव्हा माहिती देणाऱ्यांची संमती असलेलेच कागद त्यांना देऊ केले गेले. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९८९ मध्ये माहिती देणाऱ्याची गोपनीयता महत्त्वाची मानली. तरीही निकाल गॅस्किन यांच्या बाजूने लागला, कारण संमती नाकारली किंवा उत्तरच आले नाही, तर निवाडा करणारी स्वतंत्र यंत्रणा तिथे नव्हती. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. त्यातला तर्क मात्र लिव्हरपूलपुरता नाही. सांगणाऱ्याचे नाव झाकावे, दुसऱ्या पीडितेची ओळख काळ्या शाईखाली जावी, हे कबूल. पण काय झाकायचे ते कपाटाची किल्ली बाळगणाऱ्या अधीक्षकांनी एकट्याने ठरवू नये.