महामार्गावरचा तारेचा दोर : जीव वाचवतो की घेतो?

मागच्या महिन्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका गृहस्थांनी तपासणी झाल्यावर मोबाईल माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ होता : महामार्गाच्या कडेला खांबांतून ओढून बसवलेले जाड तारेचे दोर आणि खाली मजकूर, ‘ही तार दुचाकीवाल्याची मान कापते.’ त्यांचा मुलगा रोज वर्धा रोडने बुटीबोरीला मोटरसायकलवर कामाला जातो. "डॉक्टरसाहेब, हे खरं आहे का?" असा त्यांचा प्रश्न.

रक्तदाब का वाढला होता ते मला कळलं. पण या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी रस्त्याकडेच्या कठड्यांचा थोडा इतिहास बघावा लागतो, आणि त्या इतिहासात डॉक्टर मंडळीही आहेत.

शरीराला वेग नाही, थांबणं मारतं

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली, तर तो आघात साधारण १३ मजल्यांवरून खाली पडण्याइतका असतो. वेग निम्मा केला, तर ही उंची एक चतुर्थांशावर, म्हणजे जेमतेम तीन मजल्यांवर येते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेलं गणित इथे जिवावर बेततं.

ही ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती किती अंतरात आणि शरीराच्या किती भागावर उतरते, यावर माणूस वाचणार की नाही हे ठरतं. अमेरिकेच्या ह्यू डी हेवन यांनी १९४२ मध्ये यावर एक शोधनिबंध लिहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या टकरीतून ते स्वतः वाचले होते. ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा त्यांनी अभ्यास केला आणि दाखवून दिलं की पडण्याची जागा जरा दबणारी असेल आणि आघात शरीराच्या मोठ्या भागावर विभागला गेला, तर मानवी शरीर आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच सोसतं.

त्यानंतर अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेट लावलेल्या घसरगाडीत पट्ट्यांनी बांधून बसले, ताशी हजार किलोमीटरच्या वर गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. शरीरावर वजनाच्या ४६ पट बळ आलं. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते वाचले.

तिसरे डॉक्टर विल्यम हॅडन. १९६६ मध्ये अमेरिकेत रस्ता सुरक्षेची पहिली केंद्रीय यंत्रणा उभी राहिली आणि तिची सूत्रं या सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरकडे आली. मलेरियात जसा जंतू, तशी अपघाती इजेत ऊर्जा, असं त्यांनी मांडलं. डास मारायचा, मच्छरदाणी लावायची आणि आजारी पडल्यावर औषध द्यायचं, हे तिन्ही जसं आपण करतो, तसंच अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर काम करायला हवं. रस्त्याकडेचा कठडा हा मधल्या टप्प्यावरचा उपाय. तो अपघात टाळत नाही. झालेला अपघात कमी जीवघेणा व्हावा, एवढंच त्याचं काम.

दगडापासून दोरापर्यंत

घाटातले दगडी कठडे आणि चुन्याने रंगवलेले दगड आपण सर्वांनी पाहिले आहेत. गाडी दरीत जाऊ नये आणि रात्री कडा दिसावी, हा त्यांचा हेतू. पण दगड दबत नाही. जोरात आदळणाऱ्या गाडीतल्या माणसासाठी तो भिंतच.

मग लाटेसारखा वळवलेला जाड पत्रा आला. आपल्याकडे त्याला मेटल बीम क्रॅश बॅरियर म्हणतात. हा पत्रा थोडा वाकतो आणि गाडीला रस्त्याच्या दिशेने वळवतो. पण त्याचं सुरुवातीचं टोक नीट बंद केलेलं नसेल, तर तेच टोक भाल्यासारखं गाडीत घुसतं. त्याच सुमारास काँक्रीटच्या उतरत्या भिंतीही आल्या. जागा कमी असेल तिथे त्या उपयोगी, पण त्या अजिबात दबत नाहीत.

तारेचे दोर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रस्त्याकडेला होते. आजचा ताणून बसवलेला दोर मात्र १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झाला. त्याच ब्रायफेन नावाने तो आपल्याकडे ओळखला जातो. तीन-चार पोलादी दोर कायम ताणलेले असतात. खांब मुद्दाम कमकुवत ठेवलेले असतात, ते धडकेत चटकन वाकतात. गाडी दोरात शिरते, दोर मीटर-दोन मीटर मागे सरकतो आणि गाडीला अलगद धरून ठेवतो. थांबायचं अंतर चौपट झालं की शरीरावर येणारं सरासरी बळ एक चतुर्थांश होतं. डी हेवन यांचं तत्त्व इथे महामार्गावर उतरलेलं दिसतं.

याची मोठी परीक्षा स्वीडनमध्ये झाली. १९९७ मध्ये तिथल्या संसदेने रस्त्यावर एकही मृत्यू नको, हे धोरण स्वीकारलं आणि पुढच्या वर्षापासून १३ मीटर रुंदीच्या जुन्या रस्त्यांच्या मधोमध दोर लावायला सुरुवात केली. समोरासमोरच्या धडका जवळजवळ थांबल्या. अशा रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटले.

मुंबई-पुणे : दुभाजक ओलांडून आलेला मृत्यू

महाराष्ट्रात या विषयाने सगळ्यांना हलवलं ते २३ डिसेंबर २०१२ रोजी. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर उर्से टोलनाक्याजवळ समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून एका कारवर आदळला. अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांचा त्यात मृत्यू झाला. अक्षय यांचा दोन वर्षांचा मुलगाही गेला. ती कार आपल्या बाजूने चालली होती. घराघरांत ओळखीचे असलेले चेहरे गेले आणि दुभाजकात नुसती मोकळी जागा किंवा झुडपं पुरेशी नाहीत, हे लोकांच्या लक्षात आलं.

पुढच्या काही वर्षांत या मार्गावर ब्रायफेन दोर बसले. २०१६ पासून ‘झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रमही सुरू झाला. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त करणं, उघड्या खांबांना आणि टोकांना संरक्षण देणं, पोलिसांची गस्त, रुग्णवाहिका अशी कामं एकत्र झाली. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं मेली होती, २०१९ मध्ये ९२. हे श्रेय एकट्या दोराचं नाही. टी.बी.त एका गोळीने भागत नाही, चार औषधं एकत्र द्यावी लागतात, तसंच हे.

आणि सगळ्या कठड्यांच्या मर्यादा आपल्या विदर्भाने १ जुलै २०२३ च्या पहाटे पाहिल्या. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खांबाला आणि दुभाजकाला धडकून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी दगावले. बस दाराच्या बाजूवर पडली होती. आग लागलेल्या बसमधून बाहेर कसं पडायचं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही कठड्याकडे नसतं.

मग मान कापली जाते का?

आता मूळ प्रश्न. युरोपातल्या मोटरसायकलस्वारांनी या दोराला ‘चीज कापायची तार’ असं नाव ठेवलं आणि त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. कारला पत्र्याचं कवच असतं. दुचाकीस्वाराचं कवच म्हणजे त्याची स्वतःची कातडी आणि हाडं.

अभ्यास काय सांगतात? अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अपघातांच्या नोंदी तपासल्या. मोटरसायकलवरून पडून नुसता रस्त्यावर आपटणारा आणि कठड्यावर आदळणारा, यांत कठड्यावर आदळणाऱ्याला मृत्यूचा धोका सुमारे ७ पट. झाडावर आदळणाऱ्याला जवळपास १५ पट. म्हणजे कठडा वाईट, पण उघडं झाड त्याहून वाईट. दुसऱ्या अभ्यासात पत्र्याच्या आणि दोराच्या कठड्यांची तुलना केली. गंभीर इजेच्या प्रमाणात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. दोराला धडकलेल्या स्वारांची संख्या कमी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानू नये. स्वीडनमध्येही दोर लावलेल्या रस्त्यांवर मोटरसायकलस्वारांचे मृत्यू वाढले नाहीत, घटले. समोरून येणारा ट्रक अंगावर येण्याचा धोका त्यांच्यासाठीही कमी झाला होता.

खरा धोका दोरापेक्षा खांबांचा असतो, मग कठडा पत्र्याचा असो की दोराचा. मोटरसायकल घसरली की स्वार रस्त्यावरून फरफटत जातो आणि त्याची छाती, कंबर किंवा पाय अरुंद खांबावर आदळतात. सगळी ऊर्जा काही इंच जागेत उतरते. बरगड्या फुफ्फुसात घुसणं, कंबरेचं हाड मोडून आत रक्तस्राव होणं, पाय तुटणं, या इजा अशा होतात. म्हणून युरोपात अनेक ठिकाणी वळणांवर कठड्याच्या खालच्या बाजूला आडवी सपाट पट्टी लावतात. घसरत आलेला माणूस तिच्यावरून पुढे सरकतो, खांबात अडकत नाही.

त्याच अमेरिकी अभ्यासात काँक्रीटच्या भिंतीवर आदळलेल्या मोटरसायकलस्वारांत गंभीर इजेचं प्रमाण पत्र्याच्या कठड्यापेक्षा कमी निघालं. कारसाठी जी सर्वांत कडक, ती भिंत घसरणाऱ्या स्वाराला कमी छळते, कारण तिला खांब नाहीत. कारमधल्या माणसाला दबणारा कठडा हवा, दुचाकीवरच्या माणसाला गुळगुळीत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

कठड्यांचा सगळा इतिहास कार डोळ्यांसमोर ठेवून घडला, कारण ते जिथे तयार झाले तिथे रस्त्यावर मुख्यतः कार होत्या. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांपैकी जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तिथे दोराबद्दल ही चिंता फारशी उरत नाही. पण वर्धा रोडसारख्या, दुचाकींनी भरलेल्या महामार्गावर कुठलाही कठडा बसवताना, घसरलेल्या माणसाचं काय होईल, हे विचारायलाच हवं.

आपल्याच भागात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर लांबीचा बांबूचा कठडा उभा राहिला, नाव ‘बाहुबली’. प्रक्रिया केलेल्या बांबूवर प्लॅस्टिकचा थर दिलेला आहे. गाड्यांच्या चाचण्या त्याने पार केल्या. विदर्भाच्या बांबूला काम मिळालं, याचा मलाही आनंद आहे. पण कठडा बांबूचा असो वा पोलादाचा, माझा प्रश्न तोच राहतो : खांब उघडे आहेत का?

आणखी एक गोष्ट. दोर ताणलेला असेपर्यंतच काम करतो. एका धडकेत वाकलेले खांब बदलले नाहीत, दोर सैल पडला, तर पुढची गाडी आरपार जाते. दोराच्या लगेच मागे झाड किंवा खांब असेल तरी उपयोग नाही, कारण दोराला मागे सरकायला जागा लागते. तुमच्या रोजच्या रस्त्यावर असे तुटके खांब दिसले, तर फोटो आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा महामार्गाच्या हेल्पलाईनला, १०३३ वर, कळवा.

आपल्या हातात काय आहे

• दुचाकीवर आयएसआय खुणेचं, पट्टा लावलेलं हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही.
• कारमध्ये मागच्या सीटवरही पट्टा. कठडा गाडीला धरतो, तुम्हाला पट्टा धरतो.
• ताशी ८० ऐवजी ६० ने गेलात, तर धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते.
• डोळे जड झाले की गाडी थांबवा. चहा हा झोपेला पर्याय नाही.
• अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या. आगीचा धोका नसेल तर जखमीची मान हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका.
• मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातलं कलम १३४अ त्यासाठीच आहे. नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, तार मान कापेल या भीतीने मुलाला घरी बसवू नका. तो हेल्मेटचा पट्टा लावतो की हेल्मेट आरशाला अडकवून जातो, एवढं आज संध्याकाळी बघा. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आरशालाच असते, डॉक्टरसाहेब."

रक्तदाबाच्या गोळीचा डोस मी तोच ठेवला. महिन्याने परत बोलावलं आहे, मुलालाही बरोबर आणायला सांगितलं आहे.