मतदानयंत्राला हात कोणाचा लागला?

मे २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरात एकाला अटक झाली. चिप वापरून मतदानयंत्र फिरवून देतो म्हणून अंबादास दानवे यांच्याकडे अडीच कोटी मागितल्याचा आरोप होता. दावा हास्यास्पद, यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेलेच नसते. मात्र २०१० साली हरी प्रसाद, अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्राइप यांनी मुंबईच्या सरकारी ताब्यातले एक यंत्र मिळवून उघडले, आकडे दाखवणारा भाग बदलला आणि खोटी बेरीज दाखवली. हरी प्रसादांना अटक झाली. पहाऱ्यामुळे यंत्र कोणाच्या हाती लागतच नाही, असे आयोगाचे म्हणणे. हे तर लागले होते! २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कागदी चिठ्ठी टप्प्याटप्प्याने आली. २०१९ पासून दर विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्याच चिठ्ठ्या मोजतात. आम्हांला त्या थोड्या वाटतात.