पंडिता रमाबाईंची वाँटेज येथील पत्रे

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे आमच्याकडे दोन साचे ठरून गेले आहेत. एकात त्या स्वधर्म सोडून गेलेल्या विदुषी, तर दुसऱ्यात सत्यधर्माचा लाभ झालेल्या भक्त. या दोन्ही साच्यांतून त्यांचा इंग्लंडमधील पत्रव्यवहार निसटतो. 1977 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बाईंचा खरा पिंड आम्हांस तेथे दिसतो.

1883 साली रमाबाई विलायतेस गेल्या तेव्हा त्यांचे वय 25 होते. आईवडील, बहीण, भाऊ आणि पती हे सर्व काळाने नेलेले. जवळ होती ती दोन वर्षांची मनोरमा. वाँटेजच्या सेंट मेरी मठाने त्यांना आश्रय दिला आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी तेथे बाप्तिस्मा घेतला. वैद्यक शिकण्याचा बेत बहिरेपणामुळे सुटला. अशा परावलंबी स्थितीत आश्रयदात्यांच्या मर्जीने वागणे कोणासही क्षम्य ठरले असते.

रमाबाई तशा वागल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यांनी धर्ममातेचे नाते पत्करले त्या सिस्टर जेराल्डीन यांना बाईंचे शाकाहाराचे व्रत म्हणजे जातीचा उरलेला अहंकार वाटे. आपण हिंदू आहो आणि पूर्वजांचे निरुपद्रवी आचार शक्य तोवर पाळणार, असे बाईंनी त्यांना स्वच्छ कळविले. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज स्त्रीने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत तर तिलाही कोणी गर्विष्ठ म्हणावे काय, ही पृच्छा वर होतीच! गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे हवीत की संस्कृत, हाही वाद असाच झाला. ब्राह्मणांस संस्कृत जशी देवभाषा वाटते तशी तुम्हांस लॅटिन वाटते काय, हा बाईंचा सवाल आजही वाचणाऱ्यास चमकवितो. त्यांनी तरुण पुरुषांस शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांनी सुचविले, तेव्हा आपल्या वडिलांनी किंवा पतीने असा आक्षेप कधी घेतला नव्हता, याचे त्यांना नवल वाटले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. ही कन्या त्यांचीच.

मतभेद केवळ आचारापुरता नव्हता. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीस पटल्याखेरीज मान्य करण्यास बाई तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून ठेवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी 1885 साली लिहिले.

मायदेशी दुसरी बाजू उभी होती. शारदासदन 1889 साली मुंबईत निघाले, पुढे पुण्यास गेले. तेथील काही मुली बाईंच्या प्रार्थनेस स्वेच्छेने बसू लागल्या, त्यावरून गहजब उसळला आणि 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुधारकांची बाजूही आम्ही हलकी मानीत नाही, कारण संस्था धर्मनिरपेक्ष राहील हे वचन त्यांनी समाजापुढे दिले होते. तथापि प्रार्थनेच्या खोलीचे दार लावून घेण्यास बाई तयार झाल्या नाहीत.

आयुष्याच्या उत्तरार्धात, केडगावच्या मुक्ती सदनात, त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली, ते पूर्ण ग्रंथरूपाने निघाले. अल्पशिक्षित बायकांना कळावी अशी मराठी त्यांना हवी होती. म्हणून जड संस्कृत शब्द, विशेषतः हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले, त्यांनी कटाक्षाने टाळले. क्रुसावर संस्कृत मागणाऱ्या बाई त्या याच.