चारशे यार्ड आणि चाळीस बिट्स

मागे एका शुक्रवारी संध्याकाळी आमची एक सर्व्हिस आडवी झाली. कारण शोधता शोधता रात्रीचे दोन वाजले आणि शेवटी निघालं काय, तर मीच लिहिलेल्या आठ ओळी. समोरच्या सर्व्हरने पाच सेकंदांत उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारायचं, असं तीनदा. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! सर्व्हर मेला नव्हता हो, नुसता दमला होता. पण दमलेल्याला माझ्या कोडने चौपट काम लावलं आणि मग तो खरोखरच मेला. आमचा सीनियर लॉग बघून शांतपणे म्हणाला, "हे सगळं 1986 मध्ये होऊन गेलंय." रागावला असता तर बरं वाटलं असतं. असो. तो शनिवार-रविवार मग 1986 मध्येच गेला.

ऑक्टोबर 1986. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली लॅब आणि तिथलंच बर्कली विद्यापीठ. दोघांमध्ये अंतर 400 यार्ड, म्हणजे साधारण 365 मीटर. मध्ये नेटवर्कचे फक्त दोन थांबे. एरवी 32 किलोबिट्स प्रतिसेकंद चालणारा डेटा एकदम 40 बिट्सवर आला. किलोबिट्स नव्हे, बिट्स! सेकंदाला पाच अक्षरं. त्यापेक्षा टेप काखेत मारून चालत गेलेलं परवडलं असतं.

गंमत म्हणजे तार तुटली नव्हती, मशीन बंद पडलं नव्हतं. तार पूर्ण भरून वाहत होती, पण तेच तेच पॅकेट पुन्हा पुन्हा वाहत होती. असं होऊ शकतं हे 1984 मध्येच जॉन नेगल यांनी लिहून ठेवलं होतं. ते तेव्हा फोर्ड एरोस्पेसमध्ये होते आणि 'कंजेशन कोलॅप्स' हे नावही त्यांच्या त्या टिपणात आहे. पण धोका कागदावर असेपर्यंत कोण लक्ष देतो?

लॅबमधले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठात बीएसडी युनिक्सवर काम करणारे माइक कॅरल्स यांनी हे मनावर घेतलं. प्रश्न होता, आपलं टीसीपी चुकतंय, की वाईट नेटवर्कवर चालण्यासाठी त्याला सुधारता येईल? त्यांचं उत्तर: दोन्ही.

चूक कुठे होती ते बघण्यासारखं आहे. टीसीपी पॅकेट पाठवतं आणि पलीकडून पोच येण्याची वाट बघतं. पण किती वेळ? 1981 च्या मूळ स्पेसिफिकेशननुसार आजवरच्या पोचेला लागलेल्या वेळेची सरासरी काढायची आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. आकडा सुचवला होता 1.3 ते 2. आता बघा, ऑफिसला पोचायला सरासरी 40 मिनिटं लागतात. रविवारी तो आकडा 38 ते 42 मध्ये खेळतो, सोमवारी पावसात 25 ते 110 मध्ये. गर्दी वाढली की सरासरी वाढतेच, पण बेभरवसा त्याहून छळतो. जेकबसन यांच्या हिशोबाने, सरासरीच्या दुप्पट थांबणारा टायमर फार तर 30 टक्के लोडपर्यंत टिकतो. त्यापुढे रांगेत सुखरूप उभं असलेलं पॅकेट तो हरवलं समजतो आणि दुसरं पाठवतो. रांग वाढते, म्हणून उशीर वाढतो, म्हणून आणखी पॅकेट्स. प्रत्येक मशीन आपल्यापुरतं शहाणं, आणि सगळी मिळून आगीत तेल ओतताहेत. (माझ्या आठ ओळी आठवल्या ना? मलाही.)

उपाय असा की सरासरीबरोबर तिच्यापासून किती इकडेतिकडे होतंय तेही मोजायचं आणि वाट बघताना ते धरायचं. वर्ग-वर्गमूळाच्या भानगडीत न पडता जेकबसन यांनी ते पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि बिट-शिफ्टवर बसवलं.

दुसरी चूक सुरुवातीची. जुनं टीसीपी कनेक्शन जुळताच अख्खी विंडो भडाभडा ओतायचं. ऑगस्ट 1988 च्या शोधनिबंधात त्याचा आलेख आहे: मिळालेल्या क्षमतेपैकी जेमतेम 35 टक्के कामी आली, बाकी पुन्हा पाठवण्यात गेली. 54 ते 58 किलोबाइटमधला तुकडा तर पाच वेळा गेला. त्यावरचा 'स्लो स्टार्ट' म्हणजे आधी एकच पॅकेट पाठवा, पोच आली की दोन, मग चार. हे मोजक्या दोन-तीन ओळींचं काम!

आणि तिसरं, माझ्या मते सर्वात मोठं. पॅकेट हरवलं तर तो रस्त्यावरच्या गर्दीचा निरोप समजा आणि आपली विंडो निम्मी करा. मग हळूहळू वाढवा. त्यांच्या एका चाचणीत चार कनेक्शन्स एका लिंकवर भांडत होती. आधी 11,000 पैकी 4,000 पॅकेट्स पुन्हा पाठवलेली होती, नंतर 8,281 पैकी फक्त 89.

पण विचार करा, निम्मं करा म्हणून सांगणारा कोण? मधल्या गेटवेकडे दंडुका नव्हता. एखाद्या कंपनीने विंडो निम्मी करायची नाही असं ठरवलं असतं तर तिचं मशीन इतरांपेक्षा वेगवान ठरलं असतं, आणि विकलंही गेलं असतं. तरी 1988 च्या बीएसडीतून हा कोड बाहेर पडला, इतरांनी उचलला, आणि ऑक्टोबर 1989 मध्ये आरएफसी 1122 ने तो सक्तीचा केला. सक्ती म्हणजे तरी काय, कागदावरचीच. इंटरनेट बऱ्याच अंशी अशा सभ्यपणावर तगून आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. आम्ही 'स्लो स्टार्ट'ची आकृती पाठ करून आठ मार्क घेतले आणि मोकळे झालो.

बरं, हा सभ्यपणा एकदा लिहिला की संपलं असंही नाही. लिनक्समध्ये 2006 पासून क्युबिक नावाचा प्रकार डीफॉल्ट आहे. त्यात विंडो किती वाढवायची हे शेवटचं पॅकेट हरवल्यापासून किती वेळ गेला यावर ठरतं. 2015 मध्ये जना अय्यंगार यांच्या लक्षात आलं की अ‍ॅप्लिकेशन काही न पाठवता गप्प बसलं तरी हे घड्याळ चालूच राहतं. थोडा वेळ झोपून उठलेलं कनेक्शन मग रस्त्याची काहीच खबर नसताना सुसाट सुटतं. नऊ वर्षं हा बग अगणित सर्व्हरवर होता!

अय्यंगार यांचा पहिला उपाय होता घड्याळ शून्यावर आणण्याचा. नील कार्डवेल यांनी दाखवलं की त्याने वाढीचा आलेख पुन्हा सुरुवातीच्या उभ्या चढावर जाईल. म्हणून आलेख तसाच ठेवून फक्त झोपेच्या वेळेइतका पुढे सरकवायचं ठरलं. तेही कर्नलमध्ये गेलं. आणि त्याच महिन्यात दुसरा पॅच आला, कारण सरकवताना घड्याळाची सुरुवात कधीकधी भविष्यकाळात जात होती, वजाबाकी उलटी पडत होती आणि विंडो पुन्हा सुसाट!

माझ्या आठ ओळींच्या आता एकवीस झाल्यात. प्रत्येक वेळी दुप्पट थांबायचं, त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, आणि दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर गप्प बसायचं. सीनियरने रिव्ह्यूमध्ये एकच कॉमेंट टाकली: "सर्व्हर परत उठल्यावर काय होतं ते तपासलंस का?"

नव्हतं तपासलं. :)