माईचे पाच ओटे

परवा डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं. आमच्या माईला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती ऐंशी ओलांडेपर्यंत चालत होती. पांढुर्ण्यातलं आमचं घर ते जाम नदीपलीकडे सावरगावात राहणारी तिची बहीण, असा तिचा रस्ता. फक्त पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती जायची नाही. त्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध पळसाचं झाड आणि झेंडा, दोन्ही काठांवरून दगड.

तिच्या गुडघ्यांत काही खास दम होता असं नाही. मला बँकेतली मोजायची सवय, म्हणून आठवून आठवून मोजलं. वाटेत तिचे पाच ओटे होते. पहिल्यावर पाणी, दुसऱ्यावर पान, तिसऱ्यावर कोणाच्या तरी सुनेची तक्रार. गाव १९५६ नंतरही मध्य प्रदेशातच राहिलं, कचेरीच्या पाट्या हिंदी झाल्या. ओट्यावरच्या गप्पा मात्र मराठीच. एवढं बसत बसत गेलं की लांबचं घरही जवळ वाटतं.

सौसरला आमच्या भाऊजींचं वेगळंच. ते रोज संध्याकाळी स्टेशनावर जायचे, गाडीत बसायला नाही, गाडी बघायला. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन, रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. फलाटावर त्यांच्यासारखेच चारपाच रिटायर्ड. २०१५ च्या शेवटी ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी बंद झाली आणि यांचं जाणंही. "आता कशाला जाऊ?" म्हणायचे. ताई मागे लागली की अंगणात चार फेऱ्या मारून आत यायचे. काही वर्षांनी मोठी गाडी आली, पण तोवर भाऊजींनी काठी धरली होती. स्टेशन पुन्हा पाहिलं ते नातवाच्या स्कूटरवरून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. आनंदच आहे. पण आमच्या गल्लीत ओटे आता उरले नाहीत. कोणी दुकानाचं शटर पुढे आणलं, कोणी गाडी ठेवायला रॅम्प केला. मीही आमचा ओटा फोडून रॅम्पच केला, खोटं कशाला बोलू.

मागच्या पावसाळ्यात नालीवरच्या सरकलेल्या फरशीत पाय अडकून मी पडलो. हाड वाचलं, धीर गेला. सौ. एकट्याला सोडत नाही. आणि खरं सांगायचं तर चारशे पावलांनंतर मलाच टेकायला जागा लागते.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दिवाळीपासून दुकानाबाहेर एक बाकडं टाकलंय. तिथपर्यंत मी जातो, दहा मिनिटं बसतो, परत येतो. नदी अजून लांब आहे. सुताराला आमच्या दारासाठी एक बाकडं सांगून ठेवलंय, रॅम्पच्या बाजूला मावेल एवढं. समोरच्या वहिनी परवाच विचारत होत्या, कधी येणार म्हणून.