जादा पेन्शन परत करण्याची नोटीस आली? सुरतेतल्या पेन्शनधारकांनी सही करण्याआधी हे पाहावं

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यात पेन्शनधारकही कमी नाहीत. कुणी इथल्याच पालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, कुणी रेल्वेतून. कुणी शहादा-साक्रीकडे नोकरी करून म्हातारपणी मुलाकडे राहायला आलेले. अशा घरात एक दिवस कागद येतो : तुम्हाला जादा पेन्शन गेली आहे, एवढे लाख परत भरा. कागद गुजरातीत नाहीतर इंग्रजीत. मुलगा कामावर गेलेला असतो. काउंटरवरचे साहेब म्हणतात, इथे सही करा, हप्ते पाडून देतो. घाबरून सही केली जाते आणि पुढे भांडायची अर्धी जागा तिथेच जाते.

जादा पैसे जातात कसे?

सगळ्यात जास्त भानगड पगारनिश्चितीची. वरची श्रेणी किंवा वेतनवाढ वीस वर्षांपूर्वी चुकीच्या तारखेपासून लागलेली असते आणि निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक तपासताना ती सापडते. मग ग्रॅच्युइटीतून कपात किंवा पेन्शनमधून वसुली निघते.

दुसरं मोठं कारण कुटुंब निवृत्तिवेतन. केंद्राच्या नियमात निवृत्त कर्मचारी वारला तर पत्नीला सात वर्षं, किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. नंतर तो शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांवर येतो. राज्यांची वयोमर्यादा वेगळी असू शकते, म्हणून पीपीओवर छापलेली तारीख बघावी. ती तारीख उलटली तरी वाढीव दर चालूच राहिला तर? समजा शेवटचं मूळ वेतन ४०,००० होतं. वाढीव दर २०,०००, साधा १२,०००, फरक ८,०००. महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरला तर महिन्याला १२,००० आणि तीन वर्षांत ४ लाख ३२ हजार. बाईंची चूक काहीच नाही, पण आकडा त्यांच्या नावावर.

सुप्रीम कोर्ट काय म्हणतं?

१८ डिसेंबर २०१४ चा 'पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह' हा निकाल प्रत्येक पेन्शनधारकाने माहीत करून घ्यावा. चूक सरकारी कार्यालयाची आणि कर्मचाऱ्याने काही लपवलेलं नाही, अशा प्रकरणांत वसुली कुठे करता येणार नाही हे कोर्टाने सांगितलं. वर्ग ३ आणि ४ चे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणार असलेले. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल ते. वरच्या पदाचं काम चुकीने करून घेऊन त्याचा पगार दिला असेल ते. आणि जिथे वसुली फारच अन्यायाची ठरेल अशी इतर प्रकरणं. केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ ला यावर परिपत्रकही काढलं. एप्रिल २०२५ मध्ये ओडिशातल्या जिल्हा न्यायालयातल्या निवृत्त लघुलेखकांची वसुली सुप्रीम कोर्टाने याच धर्तीवर रद्द केली.

पण एक मेख आहे. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात, जादा रक्कम निघाली तर परत करीन असं हमीपत्र देणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरली, फक्त दोन वर्षांच्या हप्त्यांत. तेव्हापासून कार्यालयं जुनं हमीपत्र पुढे करतात. ते कधी दिलं होतं, कशासाठी दिलं होतं, हे विचारायलाच हवं. निवृत्तीच्या तोंडावर घाईत घेतलेली सही आणि वेतनश्रेणी घेताना दिलेली सही यात फरक आहे. आणि वसुली थांबली म्हणजे चुकीचा दरही कायम राहतो असं नाही. पुढची पेन्शन दुरुस्त होऊ शकते.

बँक परस्पर कापू शकते का?

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा ऑगस्ट २०२० चा निकाल इथे कामाचा आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून १९९४ ला निवृत्त झालेल्या वृद्ध कर्मचाऱ्याच्या पेन्शनमधून स्टेट बँकेने ३ लाख ६९ हजारांच्या आसपास वसुली काढली. दर महिन्याला ८७२ रुपये जादा गेले, असं बँकेचं म्हणणं. निर्माणीने मात्र पेन्शन बरोबर असल्याचं सांगितलं. पेन्शन ठरवणं हे बँकेचं काम नाही, असं म्हणत कोर्टाने कापलेले पैसे परत करायला लावले आणि वर ५० हजार रुपये खर्च लावला. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही वसुलीचे आपले जुने आदेश मागे घेतले. आता वसुली कशी करायची हे बँकेने पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला विचारायचं आहे, आणि चूक बँकेची असेल तर पेन्शनधारकाकडून वसूल होण्याची वाट न बघता रक्कम सरकारला भरायची आहे.

नोकरी महाराष्ट्रात, घर सुरतेत

महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम १३४-अ पेन्शनमधून वसुलीला परवानगी देतो, पण आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि हप्त्यांमुळे पेन्शन ठरलेल्या किमान रकमेखाली जाता कामा नये.

कोर्टात जायचं तर कुठे? जिल्हा परिषदेच्या गुरुजींना नंदुरबार-धुळ्यासाठी हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ आहेच. पण नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने शांती देवी प्रकरणात पेन्शनधारकाच्या सोयीचं म्हटलं. नोकरी पश्चिम बंगालच्या कोळसा खाणीत, पेन्शन मात्र बिहारात दरभंग्याला मिळत होती. पेन्शन थांबवून वसुली काढली गेली, तेव्हा पाटणा हायकोर्टातही दाद मागता येईल असं ठरलं. सुरतेत पेन्शन घेणाऱ्याने अहमदाबादला जाण्याआधी वकिलाला हा निकाल दाखवावा. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी अहमदाबादला कॅटचं खंडपीठ आहे.

कोर्ट मात्र शेवटी. आधी लेखी अर्ज. त्यात महिनावार 'ड्यू-ड्रॉन' तक्ता मागावा, म्हणजे किती देय होतं आणि किती दिलं. चूक कुणाची, कधी सापडली, कोणत्या नियमाखाली वसुली, हमीपत्राची प्रत, हेही विचारावं. तक्ता आला की महागाई भत्त्याचे दर तपासावेत. आकड्यांत चूक असू शकते, आणि ती घरचा बी.कॉम. झालेला नातूही शोधू शकतो. अर्ज मराठीत लिहायला भीती वाटत असेल तर गुजराती येणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून घ्यावा, पण दोन प्रती काढून एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिजोरी कचेरीतून निघू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, चौकशीचा नंबर १४४४८. केंद्राच्या पेन्शनधारकांना सीपेनग्राम्स आहे.

संरक्षण कुणाला नाही, हेही सांगायला हवं. पुनर्विवाह किंवा दुसरी पेन्शन लपवली असेल तर वरचे निकाल उपयोगी पडत नाहीत. वडील वारल्यावर खात्यात येत राहिलेली पेन्शन मुलांनी एटीएममधून काढली, तर ती परत करावीच लागते. मृत्यूचा दाखला मिळाला की त्याची प्रत बँकेत आणि तिजोरीत, दोन्हीकडे लगेच द्यावी.