पुसणे : एका मावळत्या क्रियापदाचे कुळ

‘प्रश्न करणे’ या अर्थाचे ‘पुसणे’ प्रमाण मराठी गद्यातून जवळजवळ अस्तंगत झाले आहे. आजच्या विद्यार्थ्याला ‘पुसणे’ म्हणजे ओल वा धूळ टिपून काढणे एवढेच ठाऊक असते. जुन्या ग्रंथांत मात्र पदोपदी त्याची गाठ पडते ती पहिल्याशी. हे दोन धातू एकरूप असले तरी एककुळी नाहीत.

पहिल्याचे मूळ संस्कृत ‘प्रच्छ्’. महाराष्ट्री प्राकृतात त्याचे ‘पुच्छ’ झाले. सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणशी, परंपरेने जोडलेल्या हालाच्या ‘गाथासप्तशती’ची भाषा हीच. पुढे मराठीने ‘च्छ’चा ‘स’ केला : मच्छ–मासा, उच्छु–ऊस, त्याच नियमाने पुच्छ–पुस. दुसऱ्याचा संबंध ‘प्रोञ्छ्’शी जोडला जातो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने ‘मृज्’च्या आदेशांत ‘पुंछ’ आणि ‘पुस’ दोन्ही नोंदवले आहेत. ‘प्रच्छ्’चा आदेश ‘पुच्छ’ हा वेगळा. तेव्हा ही एकरूपता प्राकृताकडून आलेली नाही, ती मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाने घडवली. हिंदीत ‘छ’ टिकला, म्हणून तेथे पूछना आणि पोंछना निराळे राहिले.

अशा संघर्षात एक शब्द मागे हटतो, हा झिलिएराँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा सिद्धान्त. गॅस्कनीत कोंबडा आणि मांजर यांची नावे ध्वनिनियमाने एकच होऊ लागली, तेव्हा कोंबड्याला दुसरी नावे मिळाली. ‘पुसणे’ला हे स्पष्टीकरण लावण्याचा मोह होतो, पण पैठणचीच साक्ष त्याच्या आड येते. चक्रधरांचे पैठणमधील वास्तव्य सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त शिष्य ‘पुसतात’, आणि तीन शतकांनंतर पैठणच्याच एकनाथांच्या भागवतात उद्धवही ‘पुसतो’. एवढा काळ अडचण न करणारी एकरूपता नंतर एकाएकी घातक ठरली, हे पटणारे नाही. कर्मावरूनच अर्थ उघड होतो : डोळे पुसतात ते निराळे, वाट पुसतात ती निराळी.

कारण ‘विचारणे’च्या बाजूने शोधणे अधिक युक्त. जुन्या मराठीत त्याचा मुख्य अर्थ ‘मनात घोळवणे’. समोरच्याचा विचार घेणे या वळणाने ते प्रश्नापर्यंत आले असावे. आणि तत्सम शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या पाठीशी होतीच. येथे वाचकाची दुहेरी फसगत संभवते. ‘पुसणे’ अडले की तो कोश उघडतो. ‘विचारणे’ ओळखीचे वाटल्याने उघडत नाही, आणि चिंतनाच्या ओवीत प्रश्न वाचून मोकळा होतो. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांपुढे अपपाठांचा प्रश्न होता, आजच्या संपादकापुढे शुद्ध पाठाच्याही अपार्थाचा आहे.

‘त्याला कोण पुसतो?’ या उद्गारात जुने क्रियापद अजून तग धरून आहे. आणि ‘विचारपूस’ या जोडशब्दात ते आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या शेजारीच बसले आहे.